जस्त खाणारा रेडिओ

"आज यानं जास्तच खाल्लं," आतून कुणीतरी म्हणालं. "परवापर्यंत काही पुरत नाही आता."

मी ट्रंक घेऊन दारात उभी होते. द्वारका चौकात बसमधून उतरून, मालट्रकांच्या मधून रस्ता ओलांडून, चौकामागच्या कॉलनीत विचारत विचारत आले होते. निवृत्त शिक्षिका आहेत, एकट्या राहतात, एक खोली भाड्याने देतात, एवढंच मला बी.एड. कॉलेजात सांगितलं होतं. एकट्या बाईंच्या घरात इतकं खाणारा कोण, ते कळेना. आल्या पावली परत जावं का, असंही मनात येऊन गेलं.

मग बाई बाहेर आल्या. उंच, हडकुळ्या. पांढऱ्या पातळावर निळे-हिरवे डाग, मनगटापर्यंत काळे हात आणि एका हातात पत्रा कापायची कात्री.

"खोलीसाठी ना? ये."

"घरात अजून कोणी आहे का?" मी विचारलं. त्या काळात मी प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवून घ्यायची, मग बोलायची.

"कोणी नाही. का गं?"

"कोणी जास्त खाल्लं म्हणालात."

"तो होय!" त्यांनी कात्रीनेच खिडकीकडे दाखवलं. "रेडिओ."

खिडकीत लोणच्याच्या तीन काचेच्या बरण्या ओळीने ठेवल्या होत्या. प्रत्येकीत मोरचुदाचं गडद निळं पाणी. त्यात तांब्याचा वाकवलेला पत्रा आणि मधोमध हातात मावेल एवढं मातीचं कच्चं-पक्कं भाजलेलं मडकं. मडक्यात मिठाचं पाणी, आणि त्या पाण्यात जस्ताची पट्टी. एका बरणीतली तार दुसरीत, दुसरीतली तिसरीत गेली होती आणि शेवटी दोन तारा एका छोट्या ट्रान्झिस्टरच्या पोटात शिरल्या होत्या. ट्रान्झिस्टर कांद्याचे भाव सांगत होता. आवाज जरा खोल होता, पण माणूस स्पष्ट बोलत होता.

घरात लाईट होते. कोपऱ्यावरच्या दुकानात सेल मिळत होते. तरी बाईंचा रेडिओ या बरण्यांवर चालायचा आणि बरण्या जस्तावर चालायच्या. कातडी सोलल्यासारखी खडबडीत झालेली एक पट्टी त्यांनी माझ्यापुढे धरली. "बघ, कसं कुरतडलंय."

मी ट्रंक अजून खाली ठेवली नव्हती.

भाडं, पाणी, दाराची वेळ यांतलं त्या पहिल्या दिवशी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी जस्ताची एक आणि तांब्याची एक अशा दोन नव्या पट्ट्या स्वच्छ धुतल्या. "जीभ बाहेर काढ," म्हणाल्या. एक पट्टी जिभेच्या वर, एक खाली. मी तशीच उभी राहिले, कारण नाही म्हणायला मला जमत नसे. "काय लागतंय?" मी मान हलवली, काही नाही. मग त्यांनी पट्ट्यांची बाहेरची टोकं एकमेकांना टेकवली आणि त्याच क्षणी जिभेवर काहीतरी आंबट, झिणझिणीत, थंड असं पळालं. टोकं दूर केली, गेलं. टेकवली, आलं.

"ती वीज," बाई म्हणाल्या. "आता तुमची ओळख झाली. ट्रंक ठेव."

मी तोवर विजेबद्दल इंग्रजीतून पुष्कळ वाचलं होतं, पदवी घेतली होती. तिला चव असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

बाईंनी सगळी नोकरी मुलींच्या एका मराठी शाळेत काढली होती. शाळेत विज्ञानाचं कपाट होतं, पण ते तपासणीला साहेब आले की उघडायचं आणि साहेब गेले की बंद व्हायचं. त्यामुळे बाईंनी कपाटाचा नाद सोडला आणि सगळं घरातून न्यायला लागल्या. निवृत्त झाल्यावर ते सामान त्यांच्यासोबत घरी परत आलं, आणि घर म्हणजेच कपाट झालं. साखरेच्या डब्यात गंधक असण्याची शक्यता होती. मी चहा करण्याआधी डबा हुंगून बघायला शिकले.

जस्त त्या विकत घेत नसत. कॉलनीतल्या बायका बॅटरीचे संपलेले सेल त्यांच्या ओट्यावर आणून ठेवत. "बाई, हा मेला," म्हणत. बाई चिडायच्या. "मेला नाही, दमलाय. अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे त्याच्यात." मग ओट्यावर बसून सेल फोडायच्या. वरचा कागद सोलायचा, आतली काळी पूड झटकायची, मधली कांडी बाजूला टाकायची, आणि उरलेली डबी कात्रीने उभी कापून सपाट करायची. ती डबीच जस्ताची. त्यांचे हात काळे असायचे ते त्या पुडीने.

दर रविवारी रेडिओ बंद व्हायचा. बाई पट्ट्या बाहेर काढून, धुऊन, वाळवून सोनाराकडून आणलेल्या जुन्या काट्यात टाकायच्या. जस्ताचं पारडं दर आठवड्याला वर जायचं आणि तांब्याचं खाली. तांब्याच्या पत्र्यावर नवंकोरं गुलाबी तांबं चढलेलं असायचं आणि निळं पाणी तेवढंच फिकं झालेलं असायचं. दर रविवारी त्या हे पहिल्यांदाच बघत असल्यासारख्या काट्यासमोर बसून राहायच्या.

"बातम्या ऐकल्या, गाणी ऐकली," एकदा हळूच म्हणाल्या, "आणि त्याचं वजन करता येतं. बघ तरी."

मी विचारलं, "मग जस्तापासून वीज तयार होते ना?"

"तयार होत नाही. तयार करायला ती काय भाकरी आहे? जस्ताला निघायचंच असतं. आपण नुसता रस्ता देतो."

त्यांची सांगण्याची एक पद्धत होती. कसं होतं, का होतं, हे त्या आधी कधीच सांगत नसत. आधी विचारायच्या, "काय दिसलं?" काय वाटलं ते सांगितलं की हात हलवून उडवून लावायच्या. दिसलं तेवढंच सांगायचं, न दिसलेलं एक अक्षर घालायचं नाही. दिसलेलं सगळं सांगून झालं, की मग बक्षीस दिल्यासारखा अर्थ सांगायच्या. जस्ताचा अर्थ त्यांनी मला असा सांगितला:

"आपल्याकडे माणसं नदीवर जातात, तेव्हा चपला काठावर काढतात आणि अनवाणी पाण्यात उतरतात की नाही? जस्ताचा कण तसाच. इलेक्ट्रॉनांची जोडी काठावर, म्हणजे पट्टीवर ठेवतो आणि आपण पाण्यात उतरतो. दुसरा उतरतो, तिसरा उतरतो. काठावर नुसता चपलांचा ढीग. आणि पलीकडे, त्या निळ्या पाण्यात, तांब्याचे कण अनवाणी उभे आहेत. त्यांना बाहेर यायचंय, पण पायात घालायला काही नाही. मग आपण तार जोडतो. इकडच्या जोड्या तारेवरून तिकडे जातात. ज्याला जोडी मिळाली, तो ती घालून काठावर येऊन बसतो. तेच ते गुलाबी तांबं."

"आणि वीज?"

"चपला तारेवरून चालत जातात ना, तेवढीच वीज. जाता जाता रेडिओ वाजवून जातात."

मी खिडकीकडे बघितलं. बरण्या शांत होत्या. बुडबुडा नाही, हालचाल नाही. आत इतकी गर्दी चालू आहे आणि बाहेर काहीच दिसत नाही, याने मला अक्षरशः भीती वाटली. देवळात वाटते तशी.

मडक्याबद्दल मी नंतर विचारलं. मध्ये ते कशाला? बाईंनी ते उचलून दाखवलं. बाहेरून ओलं होतं, घामेजलेलं. "दोन्ही पाणी एकाच भांड्यात ओतलं, तर तांबं सरळ जस्तावरच जाऊन बसेल. तारेवर कोणी जायचंच नाही. आणि मध्ये काचेची भिंत घातली, तर अबोला. इकडच्या पाण्यात उतरणारे वाढतच चाललेत, तिकडच्या पाण्यातले कमी होत चाललेत. हा तोल पाण्यातूनच सावरावा लागतो. मीठ इकडून तिकडे थोडं थोडं पाझरतं, म्हणून चालतं. पाझरलं नाही, तर सगळं जागच्या जागी थांबेल."

कुंभाराशी त्यांचं यावरून कायम वाजायचं. तो बिचारा चांगलं मडकं द्यायचा आणि बाई ते परत न्यायच्या. "अहो, हे गळत नाही!" कुंभार म्हणायचा, "बाई, लोक उलटं सांगत येतात हो."

संध्याकाळी कॉलनीतले लाईट गेले, की लोक बाईंच्या पायऱ्यांवर येऊन बसत. सगळी गल्ली काळी, आणि बाईंच्या खिडकीतून बातम्या. समोरचे एक कारकून नवे राहायला आले होते. त्यांनी विचारलं, "बाई, तुमचा रेडिओ पितो तरी काय?"

"मोरचूद."

"म्हणजे द्राक्षांवर मारतात तेच?"

"तेच. बहिणीच्या बागेतलं आहे, सायखेड्याचं."

"तरीच!" कारकून म्हणाले. "आमचे सासरे फवारून आले की रात्रभर बोलत असतात."

सगळे हसले. बाई सगळ्यांत जास्त हसल्या. मी अंधारात होते, म्हणून मीही मोठ्याने हसले.

आता त्या इंदिरानगरला भाच्याकडे राहतात. भाचेसुनेने एक खिडकी बरण्यांसाठी मोकळी करून दिली आहे. मागच्या बुद्धपौर्णिमेला खीर खायला गेले, तेव्हा रेडिओ चालू होता.

पण मला सांगायचं आहे ते त्या वर्षीच्या अंतिम पाठाबद्दल. वडिलांनी मला एका वर्षाची मुभा दिली होती. बी.एड. झालं, तर नोकरी कर, म्हणाले होते. नाही झालं तर घरी ये. घरी दोन स्थळं बघून ठेवलेली होती. आणि बी.एड. व्हायचं, तर परीक्षकांसमोर मराठी शाळेत मराठीतून पाठ घ्यावा लागणार होता. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. घरी मराठी बोलायचो, पण ते जेवणाखाण्यापुरतं. दिवाळीआधीच्या सरावाच्या पाठात मी हातात झाडाचं एक पान घेऊन वर्गासमोर उभी राहिले आणि नुसतीच उभी राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, "कॉन्व्हेंटची मैना मुकी आहे गं." मग हशा. आमच्या प्राध्यापिकांनी स्पष्ट सांगितलं, "अंतिम पाठाला असं झालं, तर मी काहीही करू शकणार नाही."

विषय मिळाला 'साधा विद्युतघट'. मी घरी येऊन सांगितलं, तेव्हा बाईंनी आनंदाने हातातली कात्री खाली टाकली.

धीर देणारं त्या एक वाक्यही बोलल्या नाहीत. रोज संध्याकाळी मला बरण्यांसमोर बसवायच्या. "काय दिसतंय?"

"निळं पाणी."

"आणखी?"

"वरचं जरा फिकं आहे. खाली गडद."

"आणखी?"

समोर दिसत असलं की शब्द शोधावा लागत नसे, हे मला हळूहळू कळलं. तरी पाठाचं टाचण मी घोकून पाठ केलं. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत.

पाठाच्या आदल्या दिवशी बाईंची धाकटी बहीण सायखेड्याहून आली. मी त्यांना मावशी म्हणायची, म्हणजे मनातल्या मनात. प्रत्यक्षात मान हलवून हसण्यापलीकडे आमचं काही बोलणं झालेलं नव्हतं. मावशींना रिकामं बसवत नसे. आल्याबरोबर त्यांनी मांडणी आवरली, डबे घासले, साखर आणि गंधक यांच्यात एकदाचा फरक केला. सकाळी बाई उठून रॉकेलच्या रांगेत गेल्या होत्या. माझं सामान मावशींनीच पिशवीत भरून दिलं.

"तुजं मडकं नीट करून ठिवलंय पोरी," त्या म्हणाल्या. "लय जपून ने."

मला वाटलं, धुऊन पुसून ठेवलं असेल. मी मान हलवून हसले.

आठवीचा वर्ग. दोन-दोन वेण्या, सगळ्या मुली ताठ बसलेल्या. शेवटच्या बाकावर परीक्षक, वयस्कर, जाड चष्म्याचे. समोर त्यांचे कागद आणि झाकण घातलेला पाण्याचा काचेचा पेला. मी सुरुवात केली. हे जस्त, हे तांबं, हे मोरचुदाचं पाणी. आवाज बारीक होता, पण येत होता. बरणी, मडकं, पट्ट्या, तारा. शाळेचा गॅल्व्हनोमीटर टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला आणि तार जोडली.

सुई हलली नाही.

तारा काढून पुन्हा घट्ट केल्या. नाही. पट्ट्या हलवून बघितल्या. नाही. मी घोकलेलं पुढचं वाक्य होतं, 'सुई एका बाजूला वळलेली दिसते.' ते बोलता येत नव्हतं, कारण तसं दिसत नव्हतं. त्याच्या पुढची सगळी वाक्यं त्याच्यावर उभी होती. शेवटच्या बाकावर पेन चालू असल्याचा आवाज मला ऐकू येत होता.

"बाई, बंद पडलं का?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

मी मागे वळून बघितलं. मग लक्षात आलं की बाई मीच.

"काय दिसतंय?" मी म्हणाले. हे टाचणात नव्हतं.

"सुई हलत नाही."

"आणखी?"

"पाणी निळं आहे."

"मडक्यातलं पाणी पांढरं आहे, बाई."

मी मडकं वर उचललं, बाहेरून पदराने पुसलं आणि तसंच धरून ठेवलं. एव्हाना ते पुन्हा ओलसर व्हायला हवं होतं. "इकडे ये," मी त्या पहिल्या बाकावरच्या मुलीला म्हणाले. "हात लावून सांग."

तिने बोट फिरवलं. "कोरडं आहे." मग नाक जवळ नेलं. "बाई, तेलाचा वास येतोय. आमच्याकडे पण नवं मडकं असंच करतात. तेल चोळून शेगडीवर भाजायचं, म्हणजे गळत नाही."

'नीट करून ठिवलंय,' मावशी म्हणाल्या होत्या. मला एकदम सगळं समजलं आणि त्या क्षणी, वर्गासमोर, परीक्षकांसमोर, मला हसू आलं. मावशींनी रात्री मांडणीवर ओल बघितली असणार. गळकं मडकं घेऊन पोरगी परीक्षेला जाणार म्हणून जीव तुटला असणार त्यांचा.

मी वर्गातून चालत शेवटच्या बाकापाशी गेले. "सर, मला तुमचा पेला हवा आहे."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मग झाकण काढलं, पाणी पिऊन टाकलं आणि रिकामा पेला माझ्या हातात दिला.

मडक्यातलं मिठाचं पाणी पेल्यात ओतलं, जस्त त्यात उभं केलं. शेजारी निळ्या पाण्याची बरणी, तिच्यात तांबं. माझा सुती रुमाल मिठाच्या पाण्यात भिजवून पिळला, त्याची वळकटी केली. एक टोक पेल्यात सोडलं. दुसरं टोक बरणीत सोडायच्या आधी मी थांबले. मुली बाकांवरून उठून पुढे आल्या होत्या, आणि मी त्यांना बसायला सांगितलं नाही.

टोक निळ्या पाण्याला लागलं आणि सुई उठली.

ती झटक्यात गेली नाही. जागी झाल्यासारखी निघाली, बाजूला गेली, जराशी थरथरली आणि तिथेच राहिली, कुणीतरी बोट लावून धरल्यासारखी. कुठे जाळ नव्हता, आवाज नव्हता. एक ओला रुमाल, दोन पत्रे, पाणी. मी हे रोज बघत होते, आणि तरी माझ्या अंगावर काटा आला.

"रुमाल काढा बरं," अगदी कानाजवळ कुणीतरी म्हणालं. परीक्षक होते. पेन बाकावरच राहिलं होतं.

काढला. सुई परत आली.

"ठेवा."

ठेवला. सुई गेली. मग त्यांनी स्वतःच्या हाताने रुमाल काढला, ठेवला, काढला, ठेवला. मुली हसायला लागल्या तेव्हा ते थांबले. "चालू द्या," म्हणाले आणि तिथेच, मुलींमध्ये उभे राहिले. मग मी काठ, चपला, अनवाणी तांबं, सगळं सांगितलं. रुमालातून काय पाझरतं तेही सांगितलं. तास संपल्याची घंटा झाली, तेव्हा मला राग आला.

दुपारी आमच्या प्राध्यापिका भेटल्या. "पास आहेस. सर विचारत होते, ही मुलगी बोलत नाही म्हणून तुम्ही का सांगितलंत?"

घरी आले तेव्हा बाई रॉकेलचा डबा पायाशी ठेवून ओट्यावर बसल्या होत्या. पास का नापास, हे त्यांनी विचारलं नाही. "काय दिसलं?" म्हणाल्या. मी क्रमाने सांगायला लागले. सुई हलली नाही. मडकं कोरडं होतं. तेलाचा वास येत होता. बाईंनी चमकून आत बघितलं. मी पेला सांगितला, रुमाल सांगितला, परीक्षकांची गंमत सांगितली, पास झाले तेही सांगितलं. त्यांनी काळ्या हातांनी माझे दोन्ही हात धरले.

तेवढ्यात मावशी हात पुसत दारात आल्या. दिवसभर त्यांचं लक्ष माझ्याकडे लागलेलं होतं, ते तोंडावर दिसत होतं.

"झाली का गं परीक्षा? आन् मडकं? मडकं तर गळलं नाय ना?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. दिसलं तेवढंच सांगायचं, हे या घरातलं मला पक्कं ठाऊक होतं.

"नाही, मावशी," मी म्हणाले, मोठ्याने. "एक थेंबसुद्धा गळला नाही."